संपादक व्हायचंय? आधी मनोरा रचा

अभिनंदन! परवापर्यंत तुम्ही मुकाट पानं लावत होतात आणि आज मेल आलाय, 'नेतृत्व विकास कार्यशाळेसाठी आपली निवड झाली आहे'. म्हणजे पत्रकार म्हणून तुमचं संपलं, आता तुम्ही लीडर. घाबरू नका. गेल्याच आठवड्यात दोन दिवस मी हे सगळं भोगून आलोय, तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐका.

प्रशिक्षकांना वर्तमानपत्राबद्दल काहीही विचारू नका. आमचे सर आधी विमा कंपनीत आणि मग सिमेंट कंपनीत लीडर घडवून आमच्याकडे आले होते. पहिल्याच स्लाइडवर त्यांनी आम्हाला 'कंटेंट ओनर' करून टाकलं. एकाने चाचरत विचारलं, "सर, पान छपाईला सोडायला दहा मिनिटं आहेत, मोठी बातमी आली आणि डेस्कवर दोनच माणसं आहेत, तर?" सर प्रसन्न हसले. "डेलिगेट करा." त्या दोघांपैकी कोणी कोणाला, हे बहुधा ॲडव्हान्स कोर्समध्ये असावं.

मग मनोरा. प्रत्येक गटाला त्या दिवशीचे दहा अंक आणि एक चिकटपट्टी, वेळ पंधरा मिनिटं. आदल्या रात्री दीडपर्यंत बसून लावलेलं पहिलं पान मी स्वतःच्या हाताने गुंडाळलं आणि त्याचा खांब केला. तो वाकला. जाहिरात विभागाचा मनोरा मात्र ताठ उभा, कारण त्यांनी जॅकेटचा, म्हणजे अंकाला बाहेरून गुंडाळलेल्या जाहिरातीच्या पानाचा, जाड गुळगुळीत कागद आधीच हेरून ठेवला होता. 'पाया भक्कम हवा', असा बोध सरांनी काढला. मला दिसला तो बोध वेगळा होता, पण असो.

फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे पाचपैकी पाच द्या. नाव नसलं तरी अक्षर ओळखतात.

आता विविधतेचं सत्र. हे नेहमी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर असतं, डुलक्यांच्या वेळेला. आमच्या खोलीत चौदा माणसं, त्यांत बाई एकच. वीस वर्षं रिपोर्टिंग केलेली. तिच्या हातात मार्कर देऊन सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर छान असेल." विषय होता 'समावेशक न्यूजरूम'! स्लाइडवर समाजाला दुभंगणाऱ्या पाच भेगा होत्या: वंश, वर्ग, लिंग, पिढी, भूगोल. ही मांडणी रॉबर्ट मेनार्ड यांची. १९८३ मध्ये अमेरिकेतलं 'ओकलंड ट्रिब्यून' हे दैनिक विकत घेणारा हा कृष्णवर्णीय संपादक. स्लाइडवर त्याचं नाव नव्हतं, फक्त एकमेकांत गुंफलेले रंगीबेरंगी हात होते. मॅडमनी पाचही शब्द लिहिले आणि खाली सहावा लिहिला, 'जात'. खोलीतल्या डुलक्या एकदम थांबल्या. सर म्हणाले, "राजकारणात नको जायला, पॉझिटिव्ह राहू या," आणि फ्लिपचार्टचं पान उलटलं.

उलटणारच. अमेरिकेचं पत्रक जसंच्या तसं उचललं की त्यात जात येतेच कुठे? आणि तिथे तरी काय दिवे लागले? वांशिक दंगलींची चौकशी करणाऱ्या केर्नर आयोगाने १९६८ मध्ये लिहून ठेवलं की संपादक आणि पर्यवेक्षकांत कृष्णवर्णीय एक टक्काही नाहीत. १९७८ मध्ये तिथल्या संपादकांच्या संघटनेने शपथ घेतली, २००० पर्यंत न्यूजरूममधलं वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण लोकसंख्येइतकं करू. जमेना, तेव्हा १९९८ मध्ये मुदत २०२५ पर्यंत ढकलली. मग विलीनीकरणात संघटनेचं नाव बदललं आणि २०२४ मध्ये ती विसर्जितच झाली. मुदतीच्या एक वर्ष आधी! याला म्हणतात डेडलाइन मॅनेजमेंट.

आपण तर शपथही घेतली नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधले ३१५ निर्णय घेणारे लोक मोजले, तर दलित किंवा आदिवासी एकही सापडला नाही. २०१९ मध्ये वर्तमानपत्रं, वाहिन्या, मासिकं आणि संकेतस्थळं धरून वरच्या १२१ जागा पाहिल्या. १०६ सवर्णांकडे. अनुसूचित जाती-जमातींचे? पुन्हा शून्य. बाबासाहेबांना १९२० मध्ये स्वतःचं 'मूकनायक' का काढावं लागलं, यावर आपण दर जयंतीला पुरवणी काढतो. जाहिरातींसकट. त्या पुरवणीचं पान लावायला कोण बसतं आणि ते बघून सोडतं कोण, हे मात्र पॉझिटिव्ह राहून विसरायचं.

बरं, तुम्हाला सल्ला देत होतो. अशा वेळी मान डोलवा. मीही डोलवली. पान उलटल्यावर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी पाण्याची बाटली उघडत होतो.

राहू द्या आता सल्ले. लाज वाटायला हवी आपल्याला. दोन दिवस चौदा जण कागदाचे खांब करत बसलो. तेवढ्या वेळात भरतीची शेवटची जाहिरात कधी दिली होती, ते शोधता आलं असतं. जाहिरात देतच नाही आपण, ओळखीतून माणूस घेतो आणि मग म्हणतो, 'त्यांच्यातून चांगले अर्जच येत नाहीत'. अर्ज मागवलेत कधी? तालुक्याचे जे वार्ताहर खरोखर सगळ्या थरांतून आलेत, त्यांना बातमीवर नाव नाही, ओळखपत्र नाही, कार्यशाळा तर नाहीच नाही. वर जाहिराती आणा म्हणून तगादा. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत त्यातल्याच एकाचा फोन आला होता. "साहेब, मानधनाचं काही झालं का? सहा महिने झाले." मी म्हणालो, ट्रेनिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. अजून बोललो नाही.

त्याची फाइल आज माझ्या टेबलावर आहे. तुमच्याही टेबलावर असेल तशी एखादी. कार्यशाळेचं ते सर्टिफिकेट उचला तिच्यावरून आणि सही करा.