लाल काठाच्या बाहीवरून कट्ट्यावर झालेला वाद

रविवारी संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर जमलो तेव्हा ताईंनी 'द रेड स्लीव्ह' या कोरियन मालिकेचा सतरावा, म्हणजे शेवटचा भाग आदल्या रात्री पाहून संपवला होता आणि तो त्यांच्या मनातून अजून उतरला नव्हता. वकील, मास्तर आणि मी ती आधीच पाहिलेली असल्यामुळे कोणाला कथा सांगत बसावे लागले नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अठराव्या शतकातल्या कोरियाच्या जोसॉन राज्यातला युवराज ई सान, जो पुढे १७७६ साली जॉन्गजो या नावाने गादीवर बसला, आणि राजवाड्यातली सेविका सॉन्ग डॉक-इम यांची ही प्रेमकथा आहे, आणि दोघेही इतिहासात खरोखर होऊन गेलेले आहेत.

वादाला तोंड फुटले ते वकिलांच्या प्रश्नाने. अखेरच्या क्षणी डॉक-इम राजाला विनवते की पुढच्या जन्मी मी दिसले तरी ओळख दाखवू नका, तसेच पुढे निघून जा. वकिलांना हे फार जिव्हारी लागले होते. ज्या माणसाने इतकी वर्षे तिच्यावर जीव लावला, त्याच्या कुशीत प्राण सोडताना त्याला असे काही ऐकवणे हा निष्ठुरपणा आहे, आणि जर तिला तो नकोच होता तर ती त्याच्याजवळ राहिली तरी कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

"वकीलसाहेब, तुम्ही त्या मालिकेचे नावच लक्षात घेतलेले नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून दाखवले की सेविकांच्या पोशाखाच्या बाहीला इथे लाल काठ असतो, आणि मालिकेत त्या काठाचा अर्थ असा सांगितला आहे की ही बाई राजाची आहे. राजाने तिच्याकडे जन्मभर ढुंकून पाहिले नाही तरी ती राजाचीच राहते आणि दुसऱ्या कोणाशी तिला संसार मांडता येत नाही. ताईंनी मग यॉन्ग-हीची आठवण करून दिली. डॉक-इमच्या तीन जिवलग मैत्रिणींपैकी सर्वांत अबोल असलेली ही मुलगी एका पहारेकऱ्याच्या प्रेमात पडते आणि त्यासाठी तिला देहदंड होतो. कैदेत भेटायला आलेल्या डॉक-इमला ती सांगते की हे मी माझ्या मनाने केले. "ज्या नियमाने राजाला डॉक-इम मिळाली, त्याच नियमाने यॉन्ग-हीचा जीव गेला," ताई म्हणाल्या. "हे डोळ्यांनी पाहिल्यावर तिने राजाच्या प्रेमाकडे निखळ आनंदाने कसे पाहावे?"

मला हा मुद्दा पूर्णपणे पटला. माझ्या मते सगळ्या मालिकेचा कणा तोच आहे. ली से-यॉन्गने ही भूमिका करताना डॉक-इमचे प्रेम कोठेही नाकारलेले नाही. ती फक्त ते शब्दांत उच्चारत नाही, कारण तिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे तेवढेच उरलेले असते. मरताना ती राजाला हेही सांगते की मला खरोखरच नको असते तर मी काहीही करून पळून गेले असते, तुमच्याजवळ राहिले ती माझीच निवड होती. वकील ज्याला निष्ठुरपणा म्हणतात ते वाक्य या वाक्याच्या शेजारी ठेवून ऐकले पाहिजे.

इतका वेळ गप्प असलेले मास्तर इतिहास शिकवतात आणि त्यांची तक्रार निराळीच होती. डॉक-इम वारल्यावर राजाने तिच्या समाधीसाठी स्वतः मजकूर लिहिला आणि तो आज उपलब्ध आहे. त्यात तो लिहितो की माझी उपपत्नी होशील का असे मी पहिल्यांदा विचारले तेव्हा तिने रडत नकार दिला, कारण युवराज्ञीला अजून मूल झालेले नव्हते. पुढे सुमारे पंधरा वर्षांनी मी पुन्हा विचारले तेव्हाही तिने नकार दिला, आणि तिच्या हाताखालच्या माणसाला मी शिक्षा केली तेव्हा कुठे तिने माझी आज्ञा मानली. म्हणजे दोन्ही नकार खरे आहेत. डॉक-इमचे वाचनवेडही कल्पनेतले नाही, कारण १७७३ साली राजकन्यांबरोबर बसून तिने एका कादंबरीची हस्तलिखित नक्कल केली होती. "पण जिच्यासाठी तिने नकार दिला ती राणी ह्योउई मालिकेत एकदाही पडद्यावर येत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "सतरा भागांत एकदाही नाही! राजाची लग्नाची बायको पुसून टाकायची आणि मग ही थोर प्रेमकथा म्हणून दाखवायची, हे मला मान्य नाही."

ताईंनी त्यावर जे उत्तर दिले ते मी अजून मनात घोळवतो आहे. तो मजकूर लिहिला कोणी, असे त्यांनी विचारले. राजाने लिहिला. तिने नकाराचे दिलेले कारण आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते राजाच्या लेखणीतून, आणि ते कारण देताना ती राजाच्याच पुढ्यात उभी होती. चौदा-पंधरा वर्षांच्या सेविकेने युवराजाला मला माझे आयुष्य हवे आहे असे सांगितले असते तर तिचे काय झाले असते? युवराज्ञीचा मान राखणे हे एकच कारण असे होते की ज्यात कोणाला खोट काढता आली नसती. मालिकेने त्या कारणाच्या मागे असलेले मन कल्पिले आहे, आणि ते कल्पिण्याचा अधिकार कथा रचणाऱ्याला असतोच.

मी इथे दोघांनाही अर्धे अर्धे मत दिले. नकाराचा अर्थ ताईंनी सांगितला तोच मला खरा वाटतो, पण राणीला दाराआड ठेवण्यात मालिकेने स्वतःची वाट सोपी करून घेतली आहे. शेजारच्या महालात दुसरी एक बाई जागी आहे हे आपल्याला दिसले असते, तर राजा डॉक-इमची वाट पाहतो त्या रात्री आपल्याला इतक्या निर्मळ वाटल्या नसत्या. हाच राजा लहान असताना त्याच्या आजोबांनी, म्हणजे राजा यॉन्गजोने, १७६२ साली त्याच्या बापाला तांदळाच्या पेटीत कोंडून मारले होते. आपल्याकडच्या पानिपतानंतरचे ते पुढचेच वर्ष. त्या आजोबांचे प्रेम आणि क्रौर्य एकाच चेहऱ्यावर दाखवण्याचे धैर्य ज्या मालिकेत आहे, तिला राणीचा चेहरा जड जायला नको होता.

शेवटच्या दृश्यावरून पुन्हा थोडे वाजले. वृद्धत्वाकडे झुकलेला राजा डोळे मिटतो आणि डॉक-इम त्याला तरुणपणीची अशी पुन्हा भेटते. वकिलांना ते गोड वाटले, तर ताईंना वाटले की तिने मरताना मागितलेले एकुलते एक मागणे तिथे मोडले गेले. मला मात्र त्याच्या आधीचे दृश्य अधिक खरे वाटते. तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंमध्ये तिचा सेविकेचा जुना पोशाख निघतो, आणि राजाची भूमिका करणारा ली जुन-हो तो लाल काठाचा कपडा हातात घेऊन रडतो. ती जिवंत असताना ज्या काठाचा अर्थ त्याला कधी नीट कळला नाही, तो आता त्याच्या बोटांत असतो.

दिवेलागणीनंतर उठता उठता वकिलांनी विचारले की खरी डॉक-इम कुठे पुरली आहे. मास्तरांनी सांगितले की १७८६ साली तिचा लहान मुलगा, युवराज मुन्ह्यो, गोवराने गेला आणि त्याच वर्षी, पोटात दुसरे मूल असताना, तीही गेली. राजाने तिला मुलाच्या जवळच पुरले होते, पण १९४४ साली जपानी अमदानीत ती जागा हलवली गेली.

"आणि राजा?" वकिलांनी विचारले.

"तो ह्वासॉन्गला आहे," मास्तर म्हणाले. "राणी ह्योउईच्या सोबत."