समूहगीत स्पर्धा राहू द्या, परीक्षकांना बोलू द्या

सांगलीत शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीच्या शाळेत यंदा वाद झाला, आंतरशालेय समूहगीत स्पर्धेत उतरायचं की नाही. तिचं मत ‘नको’. दरवर्षी त्याच दोन-तीन शाळा ढाल नेतात, एका गाण्यापायी संगीताचे सगळे तास जातात आणि हरलेली मुलं रडवेली होऊन परततात. त्यापेक्षा स्नेहसंमेलनात सगळ्यांनी मिळून गावं, असं ती म्हणते. कलेत चढाओढ नको, हा सूर आपल्याकडे हल्ली बराच ऐकू येतो. टीव्हीवर सात-आठ वर्षांच्या मुलांना निकालासाठी ताटकळत उभं केलेलं पाहिलं की मलाही तो पटतो.

पण समूहगीताच्या बाबतीत मी तिच्याशी सहमत नाही. मी वेल्समध्ये, कार्डिफला राहते. इथलं समूहगायन स्पर्धांनीच पोसलं आहे. आयस्टेदवॉड हा इथला गाणं, कविता आणि नाच यांच्या स्पर्धांचा उत्सव. मुलांचा इर्द आयस्टेदवॉड 1929 पासून भरतो. आधी परिसराची फेरी, मग विभागाची, मग राष्ट्रीय, म्हणजे आपल्या तालुका-जिल्हा-राज्य पातळीसारखंच. इथल्याच लँगॉलेन गावचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1947 चा. महायुद्धानंतर देशादेशांतली माणसं गाण्यासाठी एकत्र यावीत म्हणून तो सुरू झाला. 1955 साली तिथे इटलीतल्या मोडेना गावचा वृंद पहिला आला. त्या वृंदात वडिलांसोबत लुचानो पावारोत्ती नावाचा तरुण गात होता, पुढे ऑपेरा गायक म्हणून जगभर गाजलेला.

मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स, ज्याला इथे सगळे कॅराडॉग म्हणतात. हा लोहार. गावोगावच्या आयस्टेदवॉडमध्ये गायकवृंद उभे करत तो संचालन, म्हणजे वृंदापुढे उभं राहून हाताच्या खुणांनी गाणं चालवणं, शिकला आणि 1872 व 1873 मध्ये साडेचारशेच्या वर गायक घेऊन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्पर्धेत जिंकून आला. ॲबरडेर गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे.

गायकाला घरी तंबोरा लावून रियाज करता येतो. संचालकाचं वाद्य म्हणजे समोर उभी असलेली माणसं, आणि ती विद्यार्थ्याला कोण आणून देणार? स्पर्धेची तारीख ठरली की तीस जण तालमीला वेळेवर येतात. श्वास एकदम कुठे घ्यायचा, ‘आ’ सगळ्यांचा सारखा कसा उघडायचा, साथीला वाद्य नसताना सूर खाली का घसरतो, हे शिकणाऱ्याला तिथेच कळतं. संचालकांच्या काही स्पर्धांत तर उमेदवाराला अनोळखी वृंद देतात आणि मोजक्या मिनिटांत त्याच्याकडून काय काढून घेता येतं ते पाहतात. ही परीक्षा मला फार प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे समूहगीतात पुढे कुणीच उभं नसतं. सर पेटीवर बसतात, नाहीतर प्रेक्षकांत बसून हातवारे करतात. मुलं ढोलकीच्या ठेक्यावर चालतात. नववी-दहावीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, पट्टी मुलींच्या सोयीची असते, आणि मग त्या मुलांना सांगितलं जातं, “तुम्ही नुसते ओठ हलवा.” हे मला सर्वांत जास्त खुपतं. ढाल गेली तरी चालेल, पण ज्या मुलाला गाण्याच्या रांगेत उभं करून गप्प बसवलं, तो पुन्हा गाण्याकडे कशाला फिरकेल? हा दोष स्पर्धेचाच, असं माझी मैत्रीण म्हणेल. माझ्या मते तो गुणदानाचा आहे. परीक्षक एकसारखा गोड आवाज मागतात, म्हणून शिक्षक तो देतात. त्या मुलांसाठी खालच्या सुरात वेगळी ओळ बांधली तर त्याला वेगळे गुण द्या, पुढच्याच वर्षी चित्र बदलेल.

इथे परीक्षक बोलतात, हा मोठा फरक. निकालाआधी व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर, काय जमलं आणि कुठे बिनसलं ते सांगतात. लेखी शेरेही हातात देतात. आपल्याकडे “सगळ्यांचाच प्रयत्न स्तुत्य होता” म्हणून थेट उत्तेजनार्थपासून नावं सुरू होतात. हरलेल्या शाळेला का हरलो ते कळतच नाही, मग ती वशिल्याचा संशय घेते. इथेही महागडी प्रवेश फी घेऊन जवळजवळ प्रत्येकाला पदक देणारे महोत्सव आहेत, त्यांचं अनुकरण नको.

ज्या गावी विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या सांगलीला स्पर्धेचं मोल मी काय सांगावं? 1954 पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी दिग्दर्शकांच्या पिढ्या घडवल्या. ती बंद करा, असं सांगलीत कुणी म्हणणार नाही. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी 2022 मध्ये करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर केवढा वाद झाला! पण दर्जाबद्दल मुलांशी स्पष्ट बोलणारं कुणी आहे, एवढं त्यातून कळलं. समूहगीताच्या वाट्याला हा स्पष्टपणा का येऊ नये?

मिरजेत तंबोऱ्याच्या जवारीवर तासन्‌तास खपणारे कारागीर आहेत, संगीताचे जाणते शिक्षक आहेत. त्यांतल्या दोघांना परीक्षक म्हणून बोलवा आणि प्रत्येक शाळेमागे दोन मिनिटं बोलायला द्या. गुणपत्रक शाळेच्या हाती पडू दे. आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाण्याला मनाई करा. आणि एक गट असा ठेवा, ज्यात गाणं बसवायचं आणि पुढे उभं राहायचं ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने. सरांनी त्या दिवशी प्रेक्षकांत हात बांधून बसायचं. आयोजक म्हणतील, एवढा वेळ कुठून आणायचा. पाहुण्यांचे सत्कार कमी करा, तेवढ्यात तो निघेल.