अंतराळपटांत विचार नसतो म्हणे!

हिंगोलीत अकरावीला विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘इंटरस्टेलर’ हा, माणसांसाठी नवे घर शोधायला निघालेल्या अंतराळमोहिमेचा चित्रपट विषय म्हणून निवडला होता. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक लांबलचक संदेश पुढे ढकलला आणि तिने लगेच मला विचारले, “मावशी, विषय बदलू का?” तत्त्वज्ञान फक्त अंगठी, तलवार आणि राजसिंहासनाच्या महाकाव्यात्म अद्भुतकथांत असते, अंतराळपटांत नुसती यंत्रे आणि स्फोट असतात, असा त्या संदेशाचा दावा आहे. पुष्ट्यर्थ चार मुद्दे दिले आहेत: गाजलेल्या अंतराळपटात पहिली पंचवीस मिनिटे कोणी बोलतच नाही, या चित्रपटांत नैतिक पेच नसतो, जे थोडेफार खोल वाटते ते आपल्या पुराणांतून उचललेले असते, आणि म्हणून विज्ञानाच्या मुलांनी तिथे तत्त्वज्ञान शोधण्यापेक्षा गणिते सोडवावीत.

पहिला मुद्दा माहिती म्हणून बरोबर आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये सुरुवातीला खरोखरच संवाद नाहीत. पण बोलणे नाही म्हणजे विचार नाही, हे कोणी ठरवले? त्याच चित्रपटात यानाचा कारभार पाहणाऱ्या ‘हॅल’ या संगणकाला ऐकू जाऊ नये म्हणून दोन अंतराळवीर एका छोट्या यानात दार लावून बसतात आणि त्याला बंद करण्याविषयी बोलतात. आधी आपल्याला त्यांचे बोलणे ऐकू येते, मग आवाज थांबतो. कॅमेरा एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर जातो आणि यंत्र ओठ वाचत आहे, हे आपल्या ध्यानात येते. मोहिमेचा खरा हेतू हॅलला ठाऊक होता आणि या दोघांपासून तो लपवला गेला होता, हे पुढे उघड होते. आपण कधीही माहितीचा विपर्यास करत नाही असे सांगणाऱ्या यंत्राला लपवाछपवीत सामील करून घेतल्यावर दोष यंत्राचा की सामील करून घेणाऱ्यांचा, हा प्रश्न नैतिक नसेल तर नैतिक कशाला म्हणायचे?

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर यातच आले. तरीही ‘इंटरस्टेलर’मधल्या प्राध्यापक ब्रँड यांच्याकडे पाहावे. पृथ्वीवरच्या माणसांना वाचवण्याची योजना हाती असलेल्या माहितीवर पुरी होणार नाही, हे ठाऊक असूनही ते सर्वांना वर्षानुवर्षे कामाला लावतात आणि मरताना खोटे कबूल करतात. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. ब्रँड यांचा रथ हयातभर वरच चालला आणि त्यांच्या खोट्यावर उभ्या राहिलेल्या मोहिमेतूनच पुढे माणसे वाचली. याचा निवाडा चित्रपट आपल्या वतीने करत नाही.

तिसरा मुद्दा मात्र असह्य आहे. संदेश म्हणतो की ‘इंटरस्टेलर’मधला काळाचा खेळ भागवतातल्या ककुद्मी राजाच्या कथेची नक्कल आहे. नवव्या स्कंधातली ही कथा सुंदरच आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, गंधर्वांचे गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेल्याचे ब्रह्मदेव हसून सांगतात. पण चित्रपटातला हिशेब कुठून आला, हे त्याचे विज्ञान-सल्लागार किप थॉर्न यांनी आपल्या २०१४ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, अशी दिग्दर्शकाची मागणी होती. थॉर्न यांना आधी ती अशक्य वाटली. मग त्यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांवरून गणित केले, तेव्हा त्या ग्रहाजवळच्या कृष्णविवराचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग कमाल मर्यादेहून फक्त शंभर लाख कोटीव्या भागाने कमी असला तर ते जमते, असे निघाले. याला नक्कल म्हणत नाहीत. शिवाय संदेश लिहिणाऱ्याने ती कथा तरी नीट वाचली आहे का? रेवती बापाबरोबर गेली होती, त्यामुळे दोघांचा काळ एकच राहिला. चित्रपटातली मुलगी मागे राहते. बाप त्याच, पाण्याने भरलेल्या ग्रहावरून यानात परततो तेव्हा तेवीस वर्षांचे साठलेले निरोप त्याची वाट पाहत असतात, आणि पडद्यावर ती सांगते की तो निघाला त्या वयाची ती आज झाली आहे. हे दुःख ककुद्मीच्या कथेत नाही, कारण त्या कथेचा प्रश्नच निराळा आहे. दोन्ही कथांचा असा अपमान एका दमात करायला वेगळेच कसब लागते.

आता जे मान्य करायचे ते करते. पुष्कळ अंतराळपट खरोखर पोकळ असतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये राजकन्या लेयाचा अख्खा ग्रह तिच्या डोळ्यांदेखत नष्ट होतो आणि कथा तिला धड शोकही करू देत नाही. त्याउलट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ऐन कड्यावर हरतो, अंगठी टाकायला नकार देतो, आणि पूर्वी ज्याच्यावर दया केली त्या गोलममुळे कार्य तडीस जाते, हे खोल आहे, यात वाद नाही. पण अंगठी फ्रोडोच्या आधी बिल्बोला सापडावी असे योजलेलेच होते, हा दिलासा तिथे जादूगार गँडाल्फ देतो. तार्कोव्हस्की यांच्या १९७२ च्या ‘सोलारिस’मध्ये परग्रहावरचा समुद्र नायकाची मृत पत्नी त्याच्यासमोर उभी करतो, आणि ते वरदान आहे, शिक्षा आहे की प्रयोग, हे सांगायला कोणीही नसते. (‘इंटरस्टेलर’ शेवटी भविष्यातल्या माणसांकरवी मदत पाठवून सुटका करून घेतो; तिथे तो मला कमी पटतो.)

राहिला गणिते सोडवण्याचा सल्ला. सात वर्षांचे तास मोजले तर सुमारे ६१,००० भरतात, एवढे गणित भाचीला येते. हा आकडा आधी ठाऊक असताना त्या ग्रहावर उतरावे की नाही, हे त्या गणितातून निघत नाही. देव नाही अशी जागा दाखव, तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा खेचरांनी नामदेवांना जिथे सांगितल्याची कथा आहे, त्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या मूळ लायगोच्या कामासाठी २०१७ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक हेच थॉर्न. संदेश लिहिणाऱ्याने यांतले विज्ञान कुठे संपते आणि तत्त्वज्ञान कुठे सुरू होते, ती रेघ आधी आखून दाखवावी.