डबा आत नेता येणार नाही म्हणे

आज डोकं जाम फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमचे काका आलेत. चौऱ्याऐंशी वय, जन्म रामबागेतला, सगळी नोकरी इंदूरलाच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बंगळूरला मुलाकडे असतात. यंदा हट्टच धरला, एकदा इंदूर दाखव. त्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने आणलं, आणि विजयनगरकडच्या एका बड्या हॉटेलात नवव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. आमचं घर लोकमान्य नगरला. शहर एकच. पण "तुम्हाला उगाच त्रास नको."

काकांनी फोनवर एकच गोष्ट मागितली, भुट्ट्याचा कीस. दिवसच आहेत सध्या. सकाळी कोवळे भुट्टे आणून किसले, तुपात हिंग-मोहरी, वरून दूध, मंद आचेवर हलवत बसले. मिरची अगदी नावाला, त्यांना आता सोसत नाही. सोबत मऊ भात नि मेतकूट. गरम राहावं म्हणून डबा टॉवेलात गुंडाळला आणि निघाले.

दारात ते सामान तपासायचं मशीन. पर्स गेली, छत्री गेली, डबा थांबला.

"मॅडम, बाहर का खाना अलाउ नहीं है."

म्हटलं, भैया, बाहर का नहीं, घर का है. तो बिचारा हसला, पण डबा काही सोडेना. मग आतून एक मुलगी आली. कडक इस्त्रीची साडी, तोंडभर हसू. तीच बाई माझ्यासमोर एका पाहुण्याला कुंकू लावून, हात जोडून आत घेत होती! मला मात्र "मॅम, पॉलिसी है." काका वर उपाशी बसलेत, त्यांना दात नाहीत, तुमच्या बुफेतलं काही चावत नाही, सगळं सांगून झालं. पॉलिसी है. शेवटी डबा काउंटरमागे ठेवून घेतला, जाताना परत घ्या म्हणे. वरून सल्ला, हमारे यहाँ इंदौरी भुट्टे का कीस मिलता है मॅम. मिळतो हो. बुफेत पाहिला मी नंतर, गार पडून वर साय धरलेला.

ठीक आहे, घरचं खाऊन कोणाचं पोट बिघडलं तर बोंब हॉटेलच्याच नावाने होणार, एवढं मलाही कळतं. पण मग कागदावर सही घ्या ना, आमच्या जबाबदारीवर खातो म्हणून.

वर गेले तर खोलीत अंधार. काका खिडकीशी बसलेले, एसी बंद, दिवे बंद. दाराजवळच्या खाचेतलं ते कार्ड त्यांनी काढून खिशात ठेवलेलं, कारण "कोणी नसताना वीज कशाला जाळायची." अहो काका, तुम्ही आहात ना! आणि बाथरूम? मधली भिंत काचेची. खोलीतून आतला माणूस दिसतो. त्या काचेवर काकांनी आपला पंचा वाळत घातला होता. पडदा खाली घ्यायचं बटण होतं म्हणे, ते कोणी दाखवलंच नाही. आंघोळीला टबची कड ओलांडून आत उभं राहायचं. ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन! बादली नाही, मग नाही, धरायला दांडी नाही. आल्यापासून माणूस ओल्या टॉवेलाने अंग पुसतोय आणि मुलाला एका शब्दाने बोललेला नाही.

भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की 18 टक्के जीएसटी. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीला विकायची मुभा सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच हॉटेलांना दिलीय. म्हणजे घ्यायचं तेवढं सगळं कायद्यात बसतं. भात मात्र बसत नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. खोली आवरायला जो पोरगा आला, देवासकडचा, विशीतला असेल, त्याने काकांकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं आणि काही न बोलता गेला. थोड्या वेळाने कुठूनशी एक लाल बादली, मग आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन हजर. काच झाकली, नळ सोडून पाणी कोमट करून दाखवलं. "दादाजी, बैठ के नहाना." काका त्याला पैसे द्यायला लागले तर घेईना. त्या कोट-टायवाल्यांपैकी एकालाही हे सुचू नये? तारांकित हॉटेलात दिव्यांग पाहुण्यांसाठी वेगळी खोली ठेवावी लागते, सरकारचे निकष आहेत तसे. पण मागितली तर मिळणार ना. बुकिंग करताना मागितली का कोणी?

इथे मी दादावर येते. हॉटेलवाले परके, त्यांचा धंदा आहे. तू? 2023 च्या जानेवारीत प्रवासी भारतीय संमेलन झालं, तेव्हा याच शहरातल्या लोकांनी परदेशातून आलेले अनोळखी पाहुणे आपल्या घरात ठेवून घेतले, सकाळी पोहे-जिलबी खिलवली. आणि आमच्या सख्ख्या काकांना आमच्याकडे त्रास? आमची न्हाणी लहान आहे, मान्य. पण त्यात पाट आहे, आणि आईसाठी बसवलेली दांडी अजून भिंतीला आहे.

तुझं मन वाईट नाही रे, माहीत आहे मला. बाबांना चांगल्यातलं चांगलं द्यावं म्हणूनच केलंस. काकाही तेच म्हणाले, "पोराने एवढा खर्च केलाय, त्याला काही बोलू नकोस." म्हणून तिथे बोलले नाही. इथे बोलतेय.

बुकिंग रविवारपर्यंतचं आहे आणि पैसे परत मिळत नाहीत, हे तू दोनदा ऐकवलंस. राहू दे, तू राहा तिथे, मीटिंगा कर. उद्या सकाळी नऊला मी मुलाला गाडी घेऊन पाठवतेय. काकांच्या बीपीच्या गोळ्या आणि चष्मा बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेव, आणि लिफ्टपर्यंत स्वतः सोबत ये, त्यांना ते कार्ड लावून बटण दाबायचं जमत नाही.