तुकारामाच्या उलट

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टँकरचा हिशोब आणि पार्किंगच्या भांडणाची सूचना यांच्या मधोमध एके दिवशी माझं नाव लागलं. ‘सुट्टीत मुलांसाठी काव्य कार्यशाळा. विषय : पैसा आणि मूलभूत गरजा. वयोगट 13 ते 17. मार्गदर्शक : ज्येष्ठ कवी...’ ज्येष्ठ हे वयावरून, कवी हे अफवेवरून.

अफवेला पुरावा आहे, नाही असं नाही. निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून मी एक कवितासंग्रह काढला. प्रती 500. त्यातल्या 140 भेट दिल्या, 11 विकल्या गेल्या आणि 349 दिवाणात आहेत. पाहुणे आले की त्यावरच झोपतात. “तुमच्या कवितांवर लोकांना झोप छान लागते, हे मात्र खरं,” असं बायको म्हणते.

कविता ही फावल्या वेळची. पोट भरलं ते बँकेच्या वसुली खात्यात, 31 वर्षं. सेक्रेटरी म्हणाले, “पैशातलं तुम्हाला कळतं, कविता तर काय करताच. दोन्ही एकाच माणसात मिळालं, बरं झालं.” मानधनाचं विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून ‘हप्त्याचं काय झालं?’ विचारलेला माणूस मी. पण स्वतःसाठी विचारायची वेळ आली आणि घसा बसला. “छे छे, मुलांसाठी कसलं मानधन,” असं मी म्हणालो. सेक्रेटरींनी ते खरं मानलं. हा त्यांचा दोष.

पहिल्या दिवशी क्लब हाउसमध्ये 9 मुलं जमली. त्यातली 4 एसीसाठी आली होती. मी फळ्यावर ‘अन्न, वस्त्र, निवारा’ लिहिलं आणि प्रत्येकाला आपली एक गरज सांगायला लावलं. वायफाय येणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि आलंच. मग बी विंगमधला एक लांबुडका मुलगा म्हणाला, “कडी.”

“कसली कडी?”

“दाराला. आतून. आमचं वन बीएचके आहे. मी आणि आजी हॉलमध्ये झोपतो.” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि कडी लावली की ‘आत काय चाललंय?’ असं कुणी विचारायचं नाही.”

बाकीच्या आठांनी अशा माना डोलावल्या, की माझं अन्न-वस्त्र एका क्षणात मागे पडलं. निवारा या शब्दाला आतून कडी असते, हे मला 64व्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी तुकाराम काढले. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.’ वाटलं, यावर तासभर बोलता येईल. चष्मेवाल्या मुलीने लगेच हात वर केला. “उत्तम व्यवहार म्हणजे व्याज किती टक्के?” तिच्या शेजारणीला दुसऱ्या अर्ध्यात रस होता. “उदास असताना खर्च करायचा? माझी मम्मी ऑनलाइन शॉपिंग तशीच करते.” उदास म्हणजे इथे अलिप्त, असं मी समजावलं. अलिप्तपणे खर्च कसा करतात, हे मात्र मलाही दाखवता आलं नाही. मी भाजीवाल्याकडे कढीपत्त्यासाठी भांडतो.

मग मी त्यांना देहूची गोष्ट सांगितली. वडिलोपार्जित दुकान आणि सावकारी. 1630च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ. दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. आणि मग कुळांची कर्जखतं काढून, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. मुलं गप्प झाली. मला भरून आलं.

“म्हणजे लोन राइट ऑफ केलं,” चष्मा म्हणाला.

“तसं म्हणता येईल.”

“काका, तुम्ही बँकेत काय करायचात?”

“वसुली.”

“म्हणजे तुम्ही तुकारामाच्या उलट.”

खरं तर मला त्यांना सांगायचं होतं, की ठेवीसुद्धा लोकांच्याच असतात, जप्तीला गेलो की मलाही जेवण जात नसे, आणि एकदा एका घरातलं शिलाई मशीन मी यादीत लिहायचं विसरलो होतो, मुद्दाम. पण एवढं सगळं ‘उलट’ या एका शब्दापुढे मांडता येईना. मी चहाची सुट्टी जाहीर केली.

नारायण सुर्वे वाचून दाखवले तेव्हा तरी गाडी रुळावर येईल असं वाटलं होतं. गिरणी कामगाराने वाढवलेला मुलगा, महापालिकेच्या शाळेत शिपाई, पुढे शिक्षक, आणि भाकरीचा चंद्र शोधणारा कवी. मुलं मन लावून ऐकत होती. शेवटी एकाने विचारलं, “पण काका, भाकरी तर महाग असते ना? हायवेवर पिठलं-भाकरीची थाळी पावभाजीपेक्षा जास्तीला पडते.” घरी जाऊन बायकोला विचारलं. ज्वारी खरंच गव्हाच्या पुढे गेली होती.

आता एक कबुली. वॉचमनचा मुलगाही कार्यशाळेत होता, आणि पहिल्या दिवसापासून माझा डोळा त्याच्यावर होता. जिन्याखालची खोली, रात्रपाळीचा बाप, दहावीचं वर्ष. हा लिहील तेव्हा क्लब हाउस रडेल, अशी माझी खात्री होती. मी रुमालही इस्त्रीचा आणला होता. तो उभा राहिला आणि त्याने वाचलं :

काळी बाइक, मॅट फिनिश,
दोन लाखांना जरा कमी.
पप्पा म्हणाले, पास हो आधी,
मी म्हणालो, द्या हमी!

टाळ्यांनी एसीचा आवाज बुडाला. मी मात्र हिरमुसलो. मग माझीच मला लाज वाटली. मला त्या पोराकडून गरिबी हवी होती, तीही यमकात. आणि त्याला बाइक हवी होती. (हमी शब्द अचूक वापरला होता. आमच्याकडे कित्येक जामीनदारांना शेवटपर्यंत त्याचा अर्थ कळत नसे.)

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी मी सेक्रेटरींना लिफ्टजवळ गाठलं आणि शाल-श्रीफळाबरोबर पाकीट वगैरे असतं का, असं सहज, अगदी सहज विचारलं. जिन्यात कुणी होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं, चष्मेवाली माइकसमोर आली तेव्हा :

पैशात काही नाही म्हणती
काका आमचे सकाळी;
‘पाकिटाचं काय झालं हो?’
विचारती संध्याकाळी.

मी सवयीने दोष शोधायला गेलो. यमक चोख, ताल चोख, मजकूर तर पुराव्यासकट. पालक हसत होते, सेक्रेटरी खांबाला टेकून हसत होते. पाकीट मिळालं. आत 501 रुपये, त्यातला रुपया पाकिटालाच चिकटवलेला.

तेवढ्यात पोरांनी टेबल मांडलं. आपल्या कवितांच्या झेरॉक्स करून, स्टेपल मारून त्यांनी पुस्तिका केली होती. किंमत 20 रुपये, पेमेंट क्यूआर कोडवर. अर्ध्या तासात 40 प्रती संपल्या. मी माझ्यावरची कविता असलेली प्रत विकत घेतली, रोख देऊन. सुटे नाहीत म्हणून त्यांनी 50 ठेवून घेतले.

पैसे मोजून झाल्यावर चष्मेवाली माझ्याजवळ आली. “काका, तुमची पुस्तकं किती शिल्लक आहेत?”

“349.”

“आम्ही विकून देतो. 30 टक्के आमचे.”

“15,” मी म्हणालो.

वसुलीतला आवाज इतक्या वर्षांनी परत आला होता. 22वर तुटलं. घरी आलो तर बायकोने दिवाणावरच्या गाद्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या. ती मुलगी तिला दुपारीच येऊन भेटून गेली होती.