कळसूबाईला ‘शंभर टक्के सुती’ घालून जाणाऱ्यांसाठी

भाचा जुलैत पहिल्यांदाच कळसूबाईला निघालाय. कॉलेजची पोरं, सोलापुरातून रात्रीची टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे पायथ्याचं बारी गाव, असा बेत. कपड्यांची यादी मी करून दिली होती. परवा कळलं की ती यादी बारगळली, कारण आमच्या मावशींनी फॅमिली ग्रुपवर ‘पावसाळी ट्रेकला जाणाऱ्यांनी जरूर वाचा, एका अनुभवी डॉक्टरांचा सल्ला’ टाकला. डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही. शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ आहे, तेवढं मात्र सगळ्यांनी इमानेइतबारे पाळलेलं दिसतंय.

सल्ला थोडक्यात असा. अंगात शंभर टक्के सुती कपडेच घाला, सिंथेटिकनं अंग गुदमरतं, आपले पूर्वज सुतीवरच गड चढले. खाली जीन्स घाला, ती मजबूत. थंडी वाजली तर दोन झाकणं ब्रँडी. कपडे काळे घ्या, चिखल दिसत नाही. बॅगेला रेन कव्हर असलं की आतलं कोरडं. आणि महागड्या बुटांच्या नादी लागू नका.

सुती कापड काय करतं हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागावं, यासारखी शरम नाही. आपल्याकडचा टॉवेल का खपतो? पाणी पितो म्हणून. सुती शर्टही पाणी पितो, फक्त तो अंगावर असतो. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो तेव्हा घामानं भिजलेला सदरा बरा वाटतो, कारण पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम कातडीवर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे उन्हाळ्यात सोलापुरात सुतीच घालावं, हे खरं. इतपत डॉक्टरसाहेबांचं मान्य. पण कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे आणि आपण राहतो साडेचारशेच्या आसपास. नुसत्या उंचीनंच सहा-सात अंश उतरतात. त्यात ढग, वारा आणि न थांबणारा पाऊस. तिथं तो शर्ट वाळत नाही आणि उष्णता ओढायचं थांबतही नाही.

पटत नसेल तर घरीच करून बघा. एक सुती टी-शर्ट आणि खेळाच्या दुकानात दोन-तीनशेला मिळणारी पॉलिस्टरची जर्सी, दोन्ही नळाखाली भिजवा, पिळा आणि पंख्याखाली दोरीवर टाका. जर्सी वाळून घडी घालायच्या लायकीची होते तेव्हा टी-शर्टची काख आणि गळ्याची पट्टी ओलीच असते.

ताई म्हणाली, ‘अरे, पण तिथं काय बर्फ पडतोय का?’ बर्फ लागतच नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी स्पष्ट सांगते की पाऊस, घाम किंवा गार पाण्यानं माणूस भिजून गारठला, तर तापमान शून्याच्या बरंच वर असतानाही हायपोथर्मिया होऊ शकतो. म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. लक्षणंही तिथंच दिली आहेत: थरथर, दमणूक, हात नीट न चालणं, बोलणं अडखळणं, गोंधळ. आता कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर हात नीट न चालणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा.

आणि पूर्वजांचं म्हणाल, तर डॉक्टरांनी सांगोल्या-मंगळवेढ्याकडचा धनगर कधी बघितलेला नाही. पावसात मेंढरांमागे दिवस काढणारा माणूस डोक्यावरून खोळ करून घेतो ती घोंगडी, आणि घोंगडी लोकरीची असते. लोकर भिजली तरी तिच्यात हवा धरून राहते, म्हणून ऊब पार जात नाही. भाच्याच्या बॅगेत मी फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ पॉलिस्टरचं, जॅकेट लिहिलं होतं ते याच कारणासाठी. घोंगडी आणखी चांगली, पण तिचं ओझं वाहायला त्यानं मेंढरं राखलेली नाहीत.

जीन्सही सुतीच. भिजली की जड होते, गुडघ्याला आवळते, मांड्या सोलवटतात. ट्रॅक पँट घाला, विषय संपला.

ब्रँडी! आमच्या मावशी माळकरी आहेत, पंढरीची वारी चुकवत नाहीत. हा मुद्दा वाचला असता तर त्यांनी फोनच धुऊन काढला असता. दारूनं कातडीलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त कातडीपाशी येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात ती उष्णता बाहेर चाललेली असते. गारठलेल्याला दारू देऊ नका, हेही सीडीसीच सांगते. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, डोकं-मान-छाती झाका, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. म्हणून कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिक पिशवीत गाठ मारून शेवटपर्यंत कोरडा ठेवायचा. फोटोसाठीसुद्धा तो काढायचा नाही.

काळ्या कपड्यांना धुक्यात कोण शोधणार? शिवाय आग्यामोहोळ खवळलं तर माश्या गडद रंगावर जास्त तुटून पडतात. केशरी घ्या, पिवळं घ्या. रेन कव्हर पाठीकडून उघडंच असतं. मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, मग कव्हर असो-नसो.

बुटांचं मात्र अर्धं बरोबर आहे, नाइलाजानं कबूल करतो. बारीची माणसं साध्या प्लॅस्टिकच्या बुटांत आपल्याआधी माथ्यावर असतात. पण त्यांचे पाय तिथले आहेत. आपल्याला किंमत नको, पण तळ खोल खाचांचा हवा. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज ओल्या कातळावर घसरतात. हजार-दीड हजारात होऊन जातं. आणि नवे बूट थेट ट्रेकला काढायचे नाहीत. भाच्याला सांगितलंय, आत्ताच आण आणि रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालत जा. टाच सोलायची तर इथं सोलू दे.