कोण येतं म्हणे! मग आम्ही कोण?

"तीन माणसं कमी पडतायत."

बुकिंगच्या खिडकीतला माणूस हे अशा सुरात म्हणाला, की जणू मीच वऱ्हाड कमी आणलंय. रविवार, तीनच्या खेळाला दहा मिनिटं बाकी, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि शेजारी माझी ७९ वर्षांची आई, इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या घेऊन.

काचेवर कागद चिकटवलेला : 'प्रेक्षक १० पेक्षा कमी असल्यास खेळ होणार नाही. वाद घालू नये.' पुण्यात दुसरं काही वेळेवर होवो न होवो, पाटी वेळेवर लागते. आम्ही होतो सात. आई आणि मी, तुळशीबागेच्या पिशव्या घेतलेल्या दोघी, एक जोडपं (त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं, पण मोजायला चालतात) आणि वर्तमानपत्राची घडी काखेत मारून आलेले एक काका.

मी म्हटलं, "मग द्या अजून तीन."

"कोणासाठी?"

"ते मी बघते. तुम्ही तिकिटं फाडा."

८० रुपयांप्रमाणे २४० रुपये. रिकाम्या खुर्च्यांची तिकिटं काढून खेळ सुरू करून घेणारी मी पुण्यातली पहिलीच असेन, असं मला वाटलं होतं. मागून काका म्हणाले, "गेल्या महिन्यात मी दोन काढली होती."

थिएटरचं नाव घेत नाही. पेठेतलं आहे, जुनं आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की लगेच चार जण "अहो, मालकांचीही काही बाजू असते" म्हणत येतील. असते, मान्य आहे. तिच्याकडेही येतेच.

आधी आम्ही तिथे कशाला तडफडलो ते सांगते. आईला एक मराठी सिनेमा बघायचा होता. आमच्या कोथरूडच्या आसपासच्या मल्टिप्लेक्समध्ये त्याचे दोनच खेळ : एक सकाळी पावणेदहाचा, एक रात्री पावणेअकराचा. २०१५ साली सरकारनं मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्या म्हणून मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगितलं होतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. आता पावणेदहा हा नेमका कुणाचा प्राइम टाइम? दूधवाल्याचा? शिवाय मॉलचा चौथा मजला, पिशवी तपासा, पाण्याची बाटली बाहेर ठेवा, पॉपकॉर्नची बादली तिकिटापेक्षा महाग. आईच म्हणाली, "आपण आपलं गावातल्या टॉकीजला जाऊ. रस्त्यावरून आत, आतून रस्त्यावर."

म्हणून वनाजला मेट्रोत बसलो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली, मंडईला उतरलो. लिफ्ट चालू, फरशी लख्ख. वर येऊन चालायला लागलो तर आर्यन पार्किंग. पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह म्हणून ज्याचं नाव घेतात ते आर्यन, १९१५ सालचं. तिथे आता गाड्या लावतात. मिनर्व्हाचंही तेच, तेही पार्किंगच. आईनं दोन्हीकडे सिनेमे पाहिलेत. म्हणाली, "नावं तेवढी ठेवलीत, ते बरं केलं." मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिथेच सुरू झाले असते.

तर, आत गेलो. तिकिटावर सीट नंबर होता, खुर्च्यांवर नव्हता. "बसा कुठंही." काही खुर्च्यांना सुतळी बांधलेली, म्हणजे त्या मोडक्या. काहींना बांधलेली नव्हती आणि त्याही मोडक्याच, हे बसल्यावर कळलं. एसी बंद, कारण माणसं कमी. पंखे चालू, पण ते भिंतीला वारा घालत होते.

सिनेमा सुरू झाला. काही वेळानं रात्रीचा प्रसंग आला. दार वाजतं, कोणीतरी आत येतं, नायिका दचकते. आई माझ्या कानाशी लागली, "कोण गं आलं?"

मलाही दिसत नव्हतं. पडद्यावर काळ्यात काळं काहीतरी हलत होतं.

"दिसत नाहीये नीट, आई."

"हो का? मला वाटलं, माझं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं."

दोन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पाऊण तास ती बाई अंधारात एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघत बसली होती, आपलाच डोळा गेला की काय म्हणून! मला सांगितलंही नाही, कारण मी सिनेमा सोडून तिला डॉक्टरकडे नेईन.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर किती थयथयाट. पण मला हे कळतं, कारण माझा मामा ऑपरेटर होता. प्रोजेक्टरचा ऑपरेटर. लहानपणी त्याच्या केबिनमध्ये मी बसलेय. दोन मशिनं शेजारी शेजारी, आत कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्या जळत जातील तसं त्यांच्यातलं अंतर सांभाळावं लागायचं, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा. काळ्या काचेतून ती ज्योत बघत मामा उभाच असायचा. एक रीळ सुमारे वीस मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका यायचा, की दुसरं मशीन सुरू. चुकून उजेड कमी झाला तर खाली स्टॉलमधून शिट्ट्यांचा पाऊस आणि "ए ऑपरेटर!" मामाला त्या शिट्ट्यांची एवढी धास्ती, की जेवणाचा डबा तो मशीनकडे तोंड करून खायचा.

आता कार्बन नाही, रीळ नाही, सिनेमा संगणकावरून येतो. पण दिवा आहेच ना! झेनॉनचा दिवा ठरावीक तास चालतो, मग मंदावतो, मग बदलायचा असतो. पडद्यावर किती उजेड पडला पाहिजे याचं मापसुद्धा ठरलेलं आहे, १४ फूट-लॅम्बर्ट. आमच्या पडद्यावर समईएवढा असेल नसेल. दिवा महाग असतो, म्हणून मुदत संपली तरी ताणायचा. आणि वर केबिनमध्ये कोणीच नाही. खेळ लावून दिला की ऑपरेटर खाली चहाला. डाव्या बाजूचा स्पीकर मुका होता. नायक डावीकडे गेला की मौनव्रत घ्यायचा. मी ओरडले, "ए आवाज!" सात जणांच्या थिएटरात ते इतकं केविलवाणं वाटलं, की त्या जोडप्यानं दचकून मागे बघितलं.

मध्यंतरात आईला बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं. दिवा नाही. नळाला चिंधी बांधलेली. दाराला कडी नाही. मी बाहेरून दार धरून उभी, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च, दाराच्या फटीतून आत उजेड पाडतेय. आई पदर नाकाला लावून बाहेर आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी घरूनच जाऊन येऊ." पुढच्या वेळी! बघा, ही बाई अजून पुढच्या वेळेचा विचार करतेय. असं गिऱ्हाईक मिळायला पुण्याई लागते.

मॅनेजर दारातच मावा चोळत उभे होते. मी सगळं सांगितलं, दिवा, आवाज, कडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरंय ताई. पण आता कोण येतं?"

कोण येतं? मी येते ना! ही आई आलीये, दोन गाड्या बदलून! ते काका आलेत, गेल्या महिन्यात जास्तीचे पैसे भरून! दहा माणसांचे पैसे तुमच्या गल्ल्यात आहेत आणि आम्हालाच विचारताय कोण येतं? जो येतो त्याला अंधारात बसवायचं, बायकांनी दार धरून उभं राहायचं, आणि मग हवेत हात उडवायचे, लोक येत नाहीत हो.

आता ती बाजू. २००१ साली मल्टिप्लेक्स यावीत म्हणून सरकारनं त्यांना सुरुवातीची वर्षं करमणूक कर माफ केला आणि जुनी थिएटरं मात्र तो भरत बसली. अन्याय झाला, शंभर टक्के. मग मार्च २०२० मध्ये दारं बंद, नोव्हेंबरात अर्धी उघडली, पुन्हा बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. कंबरडं मोडलं असेल. नाही म्हणत नाही. पण बाथरूमची कडी करोनानं खाल्ली का? कडीला किती लागतात, पन्नास रुपये? माझ्या तीन भुतांच्या तिकिटांत चार कड्या येऊन वर वडापावचे पैसे उरले असते.

थिएटर पाडून इमारत उभी करायची तर आत चित्रपटगृहाला जागा ठेवावी लागते, असा आपल्याकडे नियम. हेतू चांगला. झालंय काय, की पाडताही येईना आणि चालवायची तर इच्छा नाही, असे मालक नुसते बसून आहेत. इमारत आपोआप म्हातारी होऊ द्यायची. औषध द्यायचं नाही, पण मारलं असंही कोणी म्हणायला नको.

आणि याहून जास्त राग येतो तो आपल्या लोकांचा. एखादं टॉकीज बंद पडल्याची बातमी आली, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गळ्यात गळे. भानुविलासच्या आठवणी, अमक्या ठिकाणचा बटाटेवडा, बाल्कनीतली पहिली भेट. मेल्या म्हशीला मणभर दूध! २०१४ साली प्रभात बंद झालं तेव्हा केवढे उमाळे आले होते. पुढे तेच थिएटर किबे लक्ष्मी या मूळ नावानं पुन्हा सुरू झालं. रडणाऱ्यांपैकी किती जण परत तिकीट काढून गेले? मी ग्रुपवर सरळ विचारलं. दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. एकानं लिहिलं, "पार्किंग नाही ना तिकडे." अरे, ज्या थिएटरांसाठी गळे काढताय त्यातल्या दोघांचं पार्किंगच झालंय, अजून किती हवंय?

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये फिल्म अर्काइव्ह आलं. सिनेमा शिकवायची सोय आहे, जपून ठेवायची सोय आहे. तो बघायला आलेल्या बाईला दाराची कडी नाही.

खेळ सुटला. बाहेर पडताना आईनं डोअरकीपरला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी काय लावताय?"

तो म्हणाला, "अजून ठरलं नाही आजी. पण येताना दहा जण घेऊन या."

म्हणजे प्रेक्षक जमवायचं कामही आता आमच्याकडेच. ठीक आहे. आमच्या भिशीत अकरा जणी आहेत. सगळ्यांना आणणार आहे. कडी आणि स्क्रू घरून आणणार आहे, स्क्रू ड्रायव्हरही. आणि पडदा तसाच अंधारा दिसला तर मॅनेजरसाहेबांचा मावा खाली पडेपर्यंत बोलणार आहे.

परतताना मंडई स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मी हे सगळं तावातावानं आईला ऐकवत होते. ती लिमलेटची गोळी चघळत होती.

"बोलतेस कशाला?" ती म्हणाली. "मामाला जे कळायचं तेच यांना कळेल." गोळी गालात सरकवून तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी सणसणीत शिट्टी मारली, की खाली उभा सुरक्षारक्षक धावत आला.